बिनथरथरीची सायकल

रुशीभाऊ गुरनुले रोज सकाळी काठोकाठ भरलेला चहाचा कप सायकलच्या मागच्या सीटवर ठेवायचे, सायकलला बसवलेलं इंजिन सुरू करायचे आणि समोर उकिडवे बसून त्या चहाकडे बघत राहायचे. चहा प्यायचे नाहीत. नुसते बघायचे. इंजिन फुरफुरायला लागलं की कपात बारीक बारीक वलयं उठायची, मग एखादा थेंब कडेवरून सीटवर ओघळायचा. तो ओघळला की रुशीभाऊ इंजिन बंद करायचे आणि जवळचं कोणी गेल्यासारखी मान हलवायचे.

रस्त्याने जाणारा एखादा नवखा माणूस न राहवून म्हणायचा, "भाऊ, चहा थंडा होऊन राह्यला तुमचा."

"पेवाचा नाई गा तो," रुशीभाऊ ओरडायचे, "पाहावाचा हाय!"

माझं औषधांचं दुकान चामोर्शीत, त्यांच्या घराच्या अगदी समोर. त्यामुळे हा चहा मी जवळजवळ दोन वर्षं सांडताना पाहिला. सुरुवातीला हसलो, मग कंटाळलो. आणि मग एक दिवस असा आला की मी दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्या कपाकडे श्वास रोखून बघत होतो. माणूस वेडा होतो तो असा, शेजाऱ्यासकट.

रुशीभाऊ ओरडायचे असं मी म्हटलं, ते रागानं नव्हे. त्यांचं बोलणंच तसं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडई भरली की रात्री नाटक होतं, आणि हा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांचे ट्रक या गावाहून त्या गावाला पळत असतात. रुशीभाऊ अख्खी जवानी त्या ट्रकवर होते. नट म्हणून नव्हे. जनरेटर सांभाळायला. "राजा मेला तं चालते, नाटकातच मरते तो," ते सांगायचे. "जनरेटर मेला तं पब्लिक आपल्याले मारते." मंचामागे, जनरेटरला टेकून, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून त्यांनी नाटकांच्या शेकडो रात्री काढल्या. त्या धडधडाटानं त्यांचे कान हळूहळू नेले. साठी आली तोवर दोन्ही कान साफ गेले होते.

ऐकू येत नसल्यामुळे आपला आवाज केवढा निघतो याचा त्यांना अंदाज नव्हता. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंच समजायचं, पण उत्तर द्यायचे ते जनरेटरच्या वर आवाज काढून. एकदा माझ्या दुकानात येऊन, माझ्या कानाशी वाकून, फार खासगीत त्यांनी मला विचारलं, "पोट साफ व्हाची गोळी हाय का?" रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरून एकानं तिथल्या तिथे उपाय सुचवला.

त्यांच्या बायकोचं नाव अनसूयाबाई. आळीतल्या बायकांमध्ये त्यांच्याइतकं बोलणारं कोणी नव्हतं. लहानशी, काटक बाई. हातात सूप असो की विळा, तोंड चालू. कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोरीनं कोणत्या रंगाचा शालू नाकारला, कोणत्या आत्याबाई लग्नात जेवल्या नाहीत आणि का जेवल्या नाहीत, सगळं त्यांना माहीत, आणि सांगण्याची ढब अशी की न जेवलेली आत्या तुमच्या डोळ्यांसमोर नाक मुरडून बसायची. नवरा हंगामभर बाहेर. तेवढ्या महिन्यांचं सगळं त्या साठवून ठेवायच्या. होळीनंतर रुशीभाऊ घरी आले की संध्याकाळी दोघं ओसरीवर बसत. त्या सांगत, ते ऐकत. दुकान बंद करताना मी ते चित्र कितीतरी उन्हाळे पाहिलेलं आहे.

कान गेले तशी ओसरीही गेली. म्हणजे दोघं बसायचे तिथेच, पण गप्प. अनसूयाबाई ओरडून सांगायच्या, "जेवाले चला!", "नळ आला!", "लेकाचा फोन आला होता!" तेवढंच. माझी बायको मालती त्यांना एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही हल्ली बोलतच नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "कामाचं ओरडून सांगता येते, मालती. बिनकामाचं कसं ओरडू?"

मुलानं चंद्रपूरहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं. रुशीभाऊंनी ते एक दिवस लावलं. संध्याकाळी काढून माझ्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "याच्यात नुसती शिट्टी वाजते गा." मग ते आत काय आहे म्हणून त्यांनी खोललं. आत पुष्कळ काही होतं. ते पुन्हा आत गेलं नाही.

अशा माणसानं एका उन्हाळ्यात पाण्याच्या पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन घरी आणलं. घोटकडच्या कोणा शेतकऱ्याचं बिघडलेलं. गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर घेऊन, दवाखान्यातून बाळ आणावं तसे जपून चालत आले. अंगणात त्यांची जुनी काळी सायकल होती, मोठ्या दांड्याची, जड. इंजिन त्यांनी दांड्याखालच्या तिकोनात टेकवून बघितलं, जरा मागे सरून डोळे बारीक केले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं स्वतःशीच पुटपुटले, "बसते!"

पावसाळाभर ते त्या इंजिनाला सायकलवर बसवत होते. लोखंडी पट्ट्या कापल्या, वाकवल्या, भोकं पाडली. वेल्डिंगवाल्याकडे इतक्या फेऱ्या मारल्या की तो त्यांना लांबून बघताच चष्मा चढवायचा. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला द्यायला दुसरी साखळी घातली. पोळ्याच्या सुमारास पहिली चाचणी झाली. सगळी आळी बाहेर. रुशीभाऊंनी चार पावलं पायडल मारलं, खटका ओढला, आणि सायकल जी सुटली ती थेट खताच्या ढिगात जाऊन थांबली. ढीग मऊ होता म्हणून बरं.

आम्ही धावलो. "भाऊ, लागलं का? कुठी लागलं?"

ते शेणातून उठून बसले होते आणि दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरून निरखत होते. "पाहा," मला म्हणाले, "अजून थरथर हाय हातात. किती थरथर हाय हो या इंजिनाले!"

पडल्याचं काहीच नाही. सायकल धावली याचं कौतुक तर त्याहून नाही. त्या दिवसापासून त्यांचं एकच वैर जडलं, थरथरीशी.

साखळीनं कडकड होते म्हणून ती काढली आणि चक्कीवाल्याकडून जुना रबरी पट्टा आणला. तो फिरवायला मोठी पुली हवी, ती मिळेना. मग त्यांनी लहान मुलाच्या सायकलचं चाक मिळवलं, त्याची नुसती रिम मागच्या चाकाच्या काड्यांना तारांनी आणि नटांनी आवळून बसवली, आणि पट्टा त्या रिमच्या खोबणीतून फिरवला. हँडलला एक दांडी दिली. दांडी ओढली की पट्टा ताणला जातो, सायकल चालते. सोडली की पट्टा सैल, सायकल थांबते. ना गिअर ना क्लच. मी पाहत राहिलो. हे सगळं त्यांनी कुठे बघितलं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पडदा ओढाच्या दोरीवरून सुचलं."

सायकल आता चालायची. बरी चालायची. दुसरा कोणी असता तर तिथे थांबला असता. पण चहा सांडत होता.

मग रबर सुरू झालं. इंजिन आणि सायकल यांच्यामध्ये रबर घातलं तर थरथर तिथेच मुरेल असं त्यांचं म्हणणं. ट्रकच्या ट्यूबचे तुकडे झाले, ते फार कडक. स्कूटरचे बुश झाले, तेही कडक. त्यानंतर आमच्या आळीत एक विचित्र प्रकार सुरू झाला. लोकांच्या रबरी चपला जायला लागल्या, पण एकेक. आणि दरवेळी डाव्या पायाची.

कुत्र्यावर संशय गेला. पण कुत्रं डावी-उजवी बघतं का? शेवटी भजन मंडळ एका सकाळी रुशीभाऊंच्या दारात उभं राहिलं. पाच-सहा भारदस्त माणसं, प्रत्येकाच्या एकाच पायात चप्पल. पुढे पेटी वाजवणारे मास्तर.

रुशीभाऊंनी काही लपवलं नाही. उलट त्यांना आनंद झाला. सगळ्यांना अंगणात नेऊन त्यांनी इंजिनाखालचा थर दाखवला. चपलांचे तळवे गोल कापून, एकावर एक रचून, निळे, पांढरे, हिरवे थर नटाखाली दाबून बसवले होते. "डाव्या पायाची चप्पल जास्त मऊ पडते," त्यांनी समजावलं. "माणूस डाव्यावर जोर कमी देते. मी गालाले लावून लावून पाह्यल्या साऱ्या." मग एकेकाकडे बोट करत म्हणाले, "हे निळी तुमची. बेस हाय. हलका पाय हाय तुमचा. हे तबल्यावाल्याची. हेबी चांगली निंगाली."

ज्यांच्या चपला निवडल्या गेल्या होत्या ते एकमेकांकडे पाहून जरा ताठ झाले. आणि पेटीवाले मास्तर, जे पोलिसात जायच्या गोष्टी करत आले होते, ते वाकून थर मोजायला लागले. स्वतःची चप्पल त्यात दिसेना तसे म्हणाले, "माही काऊन नाई लावली?"

"तुमची कडक हाय, मास्तर. तुम्ही टाच आपटता चालतानी."

मास्तर पुढे महिनाभर आळीतून हलके हलके चालायचे. रुशीभाऊंनी सगळ्यांना आठवडी बाजारातून नव्या चपला आणून दिल्या, हे वेगळं सांगायला नको.

अशी एकेक भर पडत ती सायकल घडत गेली, आणि माझ्या मनातली चेष्टा कधी गळून पडली मला कळलं नाही. सीटखाली जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा आल्या. मागच्या चाकावर जाळी आली. पाय ठेवायला दोन रुंद फळ्या आल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सायलेन्सरला त्यांनी पत्र्याच्या डब्यात काथ्या भरून असं काही पांघरूण घातलं की इंजिन चालू असताना लांबून मांजर घोरल्यासारखं वाटायचं. बहिऱ्या माणसाला आवाजाचं काय, असं लोक म्हणत. मीही म्हणालो. ते म्हणाले, "आवाज म्हंजे थरथरच ना गा. एकाच घरच्या दोन बहिणी." हात इंजिनावर सपाट ठेवून, डोळे मिटून ते सांगायचे, "आज डाव्या अंगानं बोलून राह्यली," आणि मग डाव्या बाजूचा एक नट सापडायचा, इतकासा ढिला. मी बोटानं चाचपून बघायचो, मला काहीच कळायचं नाही. पण नट आवळला की चहाची वलयं खरोखर कमी व्हायची.

मागच्या सीटमध्ये मात्र एक चूक होती. ती सपाट होती, पण दांड्याशी सरळ नव्हती, तिरपी वळलेली होती. मी दाखवली, वेल्डिंगवाल्यानं दाखवली. रुशीभाऊंनी आमच्याकडे पाहिलं आणि ती तशीच ठेवली.

ठेकेदाराचा मुलगा बुलेट घेऊन यायचा. एकदा त्यानं बुलेट शेजारी उभी करून विचारलं, "काका, किती पळते तुमची गाडी?"

रुशीभाऊंनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "पळाले कोनाले पायजे? चालतानी उभी राह्यल्यासारखी वाटली पायजे."

"मंग उभीच ठेवा ना घरी," पोरगं हसलं आणि फटफट करत निघून गेलं. त्याच्या आवाजानं माझ्या दुकानातल्या बाटल्या किणकिणल्या. रुशीभाऊंनी कपाळाला हात लावला. "बिचारा," म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

आणि मग थंडीतली ती सकाळ आली. कप सीटवर, काठोकाठ. इंजिन सुरू झालं. मी दुकानातून बघत होतो, पेटीवाले मास्तर हातात झोळी घेऊन थांबले होते, दूधवाला थांबला होता. चहा हलला नाही. थेंब सांडला नाही हे तर झालंच, पण वरची साय सुद्धा सुरकुतली नाही. रुशीभाऊंनी इंजिनाची गती वाढवली. नाही. कमी केली. नाही. कपात आकाशाचा एक तुकडा पडला होता, तो तसाच निवांत पडून होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं, कप उचलला आणि सगळ्यांसमोर तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. मास्तरांनी टाळी वाजवली. मी दुकान सोडून रस्ता ओलांडून गेलो आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून त्यांच्या पाया पडलो.

त्यानंतर जो तो म्हणायला लागला, भाऊ, एक चक्कर. रुशीभाऊ कोणालाही मागे बसवेनात. मास्तरांना नाही, मला नाही. नातवालाही समोर दांड्यावर बसवायचे, मागे नाही. "सीट खाली हाय," म्हणायचे, "पर मोकळी नाई." ती कोणासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती. दोन फळ्या, साडी अडकू नये म्हणून जाळी, हात धरायला बांगडीएवढं कडं. सगळं एकाच मापाचं होतं.

पण अनसूयाबाई बसेनात.

"त्या फटफटीवर? या वयात?" त्या मालतीला म्हणाल्या. आणि मग जे बाहेर आलं ते निराळंच होतं. "दोन साल झाले मालती, तो मानूस त्या इंजिनावर हात ठेवून बसते. त्याच्या पोटात काय दुखते हे त्याले समजते. मी बाजूले बसून राह्यली तं माह्याकडे पाहत नाई. अना आता म्हने बस. नाई बसत जा." मालतीनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. रुशीभाऊ रोज सकाळी सायकल पुसून दारात उभी करायचे, बायकोकडे बघायचे. त्या सूप घेऊन आत जायच्या. सायकल दुपारी पुन्हा मागच्या अंगणात जायची. हे असं महाशिवरात्रीपर्यंत चाललं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. अनसूयाबाई दरवर्षी जाणार म्हणजे जाणार. त्या दिवशी त्या पिशवी घेऊन सकाळपासून स्टँडवर उभ्या होत्या. एसटीला लोक दारात लटकलेले, ऑटोत पाय ठेवायला जागा नाही. आम्ही नवरा-बायको स्कूटरवर निघालो होतो, त्यांना बघून थांबलो, पण तिसरं माणूस बसवणार कुठे? तेवढ्यात ते मांजरासारखं घोरणं ऐकू आलं. रुशीभाऊ. धुतलेला सदरा, नवी टोपी.

"बसतं का वो?" त्यांनी विचारलं. अख्खा स्टँड वळला.

"हळू बोला!" अनसूयाबाई म्हणाल्या.

"बसतं का?" आणखी मोठ्यानं.

लोक हसायला लागले. तमाशा थांबावा म्हणून बाई पटकन बसल्या, दोन्ही पाय एका बाजूला, पदर खोचून, तोंड फिरवून. सायकल निघाली. आम्ही काळजीपोटी स्कूटर त्यांच्या बरोबरीनं ठेवली.

रस्त्यावर जत्रेची गर्दी होती, दोन्ही बाजूंना हरभरा आणि भाजीपाल्याची शेतं. पहिला थोडा वेळ अनसूयाबाई कडं घट्ट धरून होत्या. मग त्यांची मूठ सैल झाली. सीट तिरपी असल्यामुळे एका बाजूला पाय सोडून बसलं तरी माणूस आपोआप पुढच्याकडे वळत होतं. त्यांचा खांदा रुशीभाऊंना टेकला, हळूहळू हनुवटी पाठीला लागली. मी हे बघितलं, त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. बाईंचे ओठ हलत होते. एकटं माणूस कामात स्वतःशी बोलतं तसं, उगीच. आम्ही अगदी शेजारी होतो म्हणून मालतीला शब्द ऐकू आले. त्या म्हणाल्या होत्या, "कोनाची मिरची हाय ही, चांगली लागली."

आणि रुशीभाऊ सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "मिरची नाई वो! वांगे हाय ते! भोयराचे!"

अनसूयाबाईंचा हात कड्यावरून सुटला. मी स्कूटर वेडीवाकडी केली. सायकल मात्र तशीच चालत राहिली, सरळ, न हलता.

बाईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. मग पुन्हा हनुवटी टेकवून काहीतरी बोलल्या. ते आम्हाला ऐकू आलं नाही. आम्हाला ऐकू आली ती फक्त उत्तरं.

"हो! येते आयकू!"

पुन्हा ओठ हलले.

"पाठीतून!"

पुन्हा.

"मंग काय! दोन साल मी काय गंमत करून राह्यलो का?"

यानंतर बाई बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या देव जाणे. पुढे एक बैलगाडी होती, ती रुशीभाऊंनी ओलांडली नाही, तिच्या मागे मागे चालत राहिले. मग त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे गाडीवाल्यानं मागे वळून बघितलं एवढ्या आवाजात, ते म्हणाले, "तेबी आयकलं होतं. दवाखान्यातून येतानी."

अनसूयाबाईंनी कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं आणि पदर तोंडावर घेतला. मालतीनं मला मागून चिमटा काढला. "जरा मागं राहा," ती म्हणाली. मी स्कूटर मागे घेतली.

मार्कंड्याला दोघी बायका दर्शनाच्या रांगेत गेल्या. मी आणि रुशीभाऊ वैनगंगेच्या वाळूत बसलो. मी त्यांच्यासमोर बसलो, ओठ दिसावेत म्हणून, आणि विचारलं, "भाऊ, दवाखान्यातून येताना काय ऐकलं होतं?"

ते वाळूत बोट फिरवत होते. "चंद्रपूरच्या डाक्टरनं सांगतलं, आता काई होत नाई. यष्टीनं आलो. स्टँडावर हेच सायकल ठेवली होती. तिले मागं बसवलं. रस्ताभर चुप. मंग तिनं पाठीले डोस्कं टेकवलं अना म्हने, आता मी कोनासंगं बोलू?" त्यांनी वाळूतली रेघ तळव्यानं पुसली. "मले वाटलं कान आले. कान कुठचे येते? पाठीतून आलं गा ते. हाडातून. साफ आलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं त्यांना?"

"मले नाई म्हनली ना ते. मी आयकत नाई म्हनून म्हनली." बोट वाळूत थांबलं. "अना सांगून काय करू? मंग गुडघा गेला. डबल सीट पायडल मारनं काई होत नव्हतं. म्हनलं इंजिन लावू. इंजिन लावलं तं थरथरीनं आवाजच खाल्ला सारा. दगडाच्या चक्कीत बसल्यासारखं. सबन थरथर साफ करा लागली. पूर्न शब्द अजूनबी येत नाई. पर तिचा अर्धा शब्द आला का बाकीचा मी लावतो."

मला एक शंका होती. ती मूर्खपणाची होती, तरी विचारली. "भाऊ, पण घरीच, ओसरीवर, पाठीला टेकून बोलल्या असत्या तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुकानात चुकीची गोळी दिली होती. "घरी कोन बसते गा असं? सून हाय, नातू हाय, समोर तुमचं दुकान हाय. लाज नाई वाटत तिले? सायकलवर बसलं का टेकावंच लागते. कोनी काई म्हनत नाई."

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. समोर नदी, मागे देवळांची शिखरं, जत्रेचा कल्लोळ, आणि त्यातलं काहीएक ऐकू न येणारा हा माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बायको कधी येते म्हणून पायऱ्यांकडे बघत होता. आपल्या बायकोला मोकळेपणानं टेकून बसता यावं एवढ्यासाठी यानं एक वाहन बनवलं होतं.

उन्हं उतरायला लागली तसे परत निघालो. या वेळी अनसूयाबाई सीटवर अशा बसल्या, जणू जन्मभर तिथेच बसत आल्या होत्या. बसता बसताच बोलायला लागल्या होत्या. आम्ही मुद्दाम बरंच अंतर ठेवलं. तरी वाऱ्याबरोबर रुशीभाऊंच्या आरोळ्या येत होत्या. "कोन? तो बारका?" थोड्या वेळानं, "अरे बाप रे!" मग एकदम हसणं. कुठल्या साली काय घडलं होतं, कोण कोणाशी भांडलं होतं, कोणत्या लग्नात कोणती आत्या जेवली नव्हती, ओसरीवर सांगायचं राहून गेलेलं सगळं त्या पाठीत ओतत होत्या. मालती माझ्या मागे बसून हसत होती, आणि मधेच हसायची थांबत होती.

चामोर्शी आली. आमच्या आळीचं वळण आलं. मी स्कूटर वळवली आणि वाट बघत थांबलो, म्हटलं त्यांना पुढे जाऊ देऊ.

सायकल वळली नाही. तिचा वेगही कमी झाला नाही. दोघं आमच्यासमोरून सरळ निघून गेले, घोटच्या रस्त्याला. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, चुकले वाटतं ते," मालती म्हणाली.

मी कान दिला. रस्त्याच्या टोकाकडून, मावळत्या उन्हातून, रुशीभाऊंचा आवाज आला.

"अना मंग? मंग काय म्हनलं तिनं?"